काय सांगितलं मी?

मंगळवारी सकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि फोन वाजला. चाचांच्या मुलीचा. ती बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात असते, सकाळच्या घाईत तिचा फोन कधी येत नाही. "मावशी," म्हणाली, "अब्बा गेले. पहाटे. झोपेतच." एका हातात काड्या, एका हातात पानं, तशीच बसले. आणि ती अगदी बापाच्या चालीत म्हणाली, "मावशी, काय सांगितलं मी?"

आणि मी फोन ठेवून दिला.

रेंज गेली, बॅटरी संपली, असलं काही नाही. ह्या माझ्या बोटानं मी तो कट केला. बाप गेलेल्या पोरीचा फोन! आज गुरुवार. मेथी परातीतच वाळून गेली आणि मी अजून तिला उलटा फोन केलेला नाही. तुम्ही म्हणाल काय दगड बाई आहे. म्हणा. पण तो प्रश्न कुणाचा आणि कसला, ते आधी ऐकून घ्या.

नवी मुंबईत, पावण्याला, कारखान्यांच्या गल्लीत आमचा एक छोटा गाळा होता. आमचा म्हणजे सेठचा, पण इतकी वर्षं तिथं काढल्यावर 'आमचा'च येतं तोंडात. पुठ्ठ्याची खोकी कापणारी जी पंचिंग मशीनं असतात ना, त्यांना चालवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं आम्ही बनवायचो. पुठ्ठा आत सारायचा, वरून साचा दाणकन खाली येतो, खोक्याचा आकार कापला जातो, साचा वर गेला की बाई हात घालून कापलेला तुकडा काढते आणि पुढचा पुठ्ठा सारते. मिठाईची खोकी, औषधांची, आंब्याची, सगळी अशीच निघतात. आमचं कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात बसायचं. आणि कॉम्प्युटरनं त्या कार्डाशी कसं बोलायचं हे शिकवणारा जो प्रोग्राम असतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. तो लिहायचे चाचा. एकटेच.

रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. वडील तांडेल होते, म्हणजे गलबतावर ज्याचा शब्द चालतो तो. भाऊ सगळे कुणी बोटीवर, कुणी आखातात, आणि हा एक माणूस पावण्याच्या गाळ्यात कॉम्प्युटरचं पोट उघडून बसलेला. चष्म्याच्या काड्यांना जाळं विणायचा नायलॉनचा दोरा बांधलेला. म्हणायचे, "दर्यात पडला तरी तरंगेल." गाळ्यात कुठला आलाय दर्या!

मी तिथं लागले सोल्डरिंगला. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमचे हे मार्केटात माथाडी, राहायला कोपरखैरण्याला, बोनकोडे गावाच्या अंगाला. गाळा चालत जायच्या अंतरावर, पोरं शाळेत जायला लागलेली, म्हटलं बसून काय करायचं. सेठ म्हणाला, "पहले चाचा को मिल लो." गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"बसा. खोट काय तुमच्यात?"

मी म्हटलं, "काय?"

"खोट, खोट. तुमचं काय बिघडतं? केवा बिघडतं?"

अगं बया! मला बघायला आले होते तेव्हासुद्धा असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मी दहावी नापास आहे."

"ती बातमी झाली. मी खोट विचारतोय."

आता का कुणास ठाऊक, पण माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "मला एखादी गोष्ट आली नाही तरी आली म्हणून मान हलवते. विचारायची लाज वाटते."

तेव्हा वर बघितलं त्यांनी. खिशातनं छोटी डायरी काढली, त्यात लिहून घेतलं, वर माझं नाव विचारून तेही घातलं, आणि डायरी परत खिशात. "बेस खोट हाय. सांगितलीत, निम्मं काम झालं. उद्या नऊला या. काय सांगितलं मी?"

"उद्या... नऊला."

"पोचलं," म्हणाले, आणि पुन्हा कॉम्प्युटरच्या पोटात डोकं.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, बाई गं, माणूस वेडा आहे, मी काही जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी पावणेनऊलाच जाऊन उभी.

हे 'काय सांगितलं मी' प्रत्येकाला असायचं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला: "दोन चहा, एक बिनसाखरेचा. काय सांगितलं मी?" तो बिचारा भटारखान्यात ऑर्डर सांगितल्यासारखं ओरडून दाखवायचा. बँकेतल्या बाईंना, रिक्षावाल्याला, फोनवर स्वतःच्या मुलीला. एकदा डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, मी तुम्हाला सांगतोय की तुम्ही मला?" चाचा म्हणाले, "मी तुमाला दुखतं कुठं ते सांगितलं. ते बोलून दाखवा, मग गोळी लिवा." आणि डॉक्टरांनी चुकीचा गुडघा सांगितला! हे मी कानानं ऐकलंय, मीच बरोबर गेले होते.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे शेवटचं पान. प्रत्येक चिपचं एक पुस्तक येतं कंपनीकडून, अशी चालते, तशी चालते. चाचा ते मागून उघडायचे. "पुढच्या पानांवर सगळे शहाणे असतात, ताई. आपल्या चुका छापतात शेवटी, बारीक अक्षरात. ते पान वाचलं की पुस्तक वाचलं." चिपची खोट माहीत झाली की तिच्यावर रागवायचं नाही, कंपनीला शिव्या घालायच्या नाहीत. ड्रायव्हरमध्ये तिच्या कलानं घ्यायचं. ज्या वेळी ती अडते त्या वेळी तिला हात द्यायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "खोट माहीत असून उपाय केला नाही, तर चूक खोटीची नाही. लिवणाऱ्याची." चिपचं खरं, आणि माणसाचंही तेच. गाळ्यातल्या प्रत्येकाचं एक पान होतं त्या डायरीत.

आणि मी शिकले कशी, तर फळीवर. त्यांनी रद्द केलेले प्रोग्रामचे कागद मी घरी आणायची, भांड्यांच्या फळ्यांवर पसरायला. भाकरी थापता थापता समोर तेच. आधी नुसती किड्यामुंग्यांसारखी अक्षरं, मग एक शब्द दहादा दिसला की वाटायचं, हा असणार 'जर', हा असणार 'तोवर'. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत त्यांच्या स्क्रीनवर ताडून बघायचं. त्यांना नाही विचारायचं! माझी खोट तुम्हाला माहीत आहेच. वर्ष-दीड वर्षात मला वाचता यायला लागलं, आणि एक दिवस मी त्यांची एक चूक दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन माझ्याकडे असं बघितलं, की मला त्या दिवशी दहावी, बारावी, सगळं एकदम पास झाल्यासारखं वाटलं.

पण त्याच्याही आधीचं एक सांगायला हवं. मला कामाला लागून महिनाही झाला नव्हता. एक मशीन आमचं कार्ड बसवून गिऱ्हाइकाकडे जायला तयार होतं, गाळ्यात दाणदाण चालू. चाचांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "धरा. नवं आहे." मला वाटलं काही नटबोल्ट आवळायचे असतील. सेठ की-बोर्डपाशी. चाचा म्हणाले, "मी 'आता' बोललो की थांबव. काय सांगितलं मी?"

सेठ कंटाळून म्हणाला, "आप 'आता' बोलेंगे, मैं स्टॉप करूँगा."

"पोचलं." साचा खाली गेला, वर आला. "आता!" आणि ह्या माणसानं आपला डावा हात कोपरापर्यंत साच्याखाली घातला.

मी किंचाळले. शेजारच्या गाळ्यातले धावत आले. साचा वरच थांबलेला, चाचांचा हात खाली, आणि चाचा शांतपणे दहापर्यंत मोजतायत. मोजून झालं, हात काढला, मग खाली फरशीकडे बघितलं. घड्याळ पडलं होतं माझ्या हातातून. "नवं होतं," म्हणाले.

"वेडे आहात का तुम्ही?" माझी नोकरी महिन्याची, पण निघालं तोंडातून.

"ताई, मशीनला लाल बटण वेगळं हाय, वीजच तोडतं. पण ते संकटाचं. रोज कोण ते दाबतं? बाई आपली साधं स्टॉप दाबणार आणि हात घालणार. दिवसभर घालणार. ती काय माझं थोबाड बघून घालते? माझ्या शब्दावर घालते. माझ्या शब्दावर माझा हात जात नाय, तर तिचा का जावा?"

प्रत्येक मशीनला हे. मी दरवेळी डोळे मिटायची.

आता पुढचं सांगते, एका मधल्याचं. कॉम्प्युटरच्या आत ज्या वाटेनं निरोप जातात-येतात तिला बस म्हणतात. (बस काय, ड्रायव्हर काय, सुरुवातीला मला वाटायचं हे डेपोतून आलेत.) आमची कार्डं जुन्या बसची. नवे कॉम्प्युटर आले त्यांना ती खाचच नाही. गिऱ्हाइकांचे जुने कॉम्प्युटर मरायला लागले, कार्डं मात्र ठणठणीत. मग सेठनं मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून एक इवलासा बोर्ड आणला, एका बाजूनं नव्या कॉम्प्युटरला बसतो, दुसऱ्या बाजूला जुनं कार्ड घेतो. त्याला चाचा म्हणायचे 'मधला'. सगळं छान चाललं, फक्त कधीतरी मशीन थांबायचंच नाही. कधीतरी! पंधरा दिवस चाचा त्याच्यापुढे बसून. दाढी वाढली. शेवटी सापडली त्याची खोट.

मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. समजा कॉम्प्युटरनं चिठ्ठी दिली मधल्याकडे, आत कार्डाला पोचव म्हणून. तो लगेच म्हणतो, दिली. पण दिलेली नसते, खिशात असते. दुसरी चिठ्ठी आली की मग पहिली नेऊन देतो. एक कायम खिशात. 'खाली ये', 'वर जा', 'खाली ये', चिठ्ठ्या येतायत तोवर कळत नाही काही. पण 'थांब' ही शेवटची चिठ्ठी. तिच्यामागून कुणी लगेच दुसरी कळ दाबली तर ठीक, नाहीतर कोण येणार? ती राहिली खिशात, कार्डाला थांबायचं कळलंच नाही, आणि मशीन चालू.

चाचांनी उपाय काढला. प्रत्येक हुकमाच्या मागून कार्डाला एक प्रश्न विचारायचा, तुझ्याकडे काय आहे रे? उत्तर आणायला मधल्याला आत जावंच लागतं, आणि आत जाताना खिसा रिकामा करावाच लागतो. उत्तर काहीही येवो, फेकून द्यायचं. ते नकोच असतं. त्याला आत पाठवायचं असतं. ड्रायव्हरमध्ये जागोजागी तशी ओळ घातली: विचार, आणि फेकून दे. तिच्यावर फक्त एवढंच लिहिलं, 'हात लावू नये'.

हे असं चिठ्ठीनं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर पुढचं झालंच नसतं. चाचांनी सांगितलं होतं, नाही असं नाही. पण बफर, पोस्टिंग, फ्लश, असं भरभर. मला ओ की ठो कळलं नाही. मी मान हलवली, "हो चाचा, समजलं." ते तोंड उघडणार, 'काय सांगितलं मी' म्हणणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलीच्या निकाहचा हॉल. एक तारीख देत होते, घेता की सोडता. चाचा बोलत बोलत बाहेर गेले. एवढ्या वर्षांत ते एकदाच विचारायचे राहिले.

निकाहासाठी ते दहा दिवस गावाला. इकडे गिऱ्हाइकाची तक्रार, नव्या कॉम्प्युटरवर मशीन मंद चालतं, म्हणून ते गाळ्यावर परत आलेलं. सेठ माझ्याकडे आला. "तू तो पढ़ती है ना चाचा का? देख ना जरा." हे 'तू तो पढ़ती है' ऐकलं आणि माझी छाती ही एवढी झाली. बसले वाचायला. तर काय, प्रत्येक हुकमाच्या मागे, विचार आणि फेकून दे. विचार आणि फेकून दे. स्वयंपाक करताना दर मिनिटाला झाकण उचलायचं आणि न बघताच ठेवायचं, असलं ते. मला हसू आलं. म्हटलं, बघा, माणसाची सवय! चहावाल्याला विचारतो, डॉक्टरला विचारतो, आता कार्डालासुद्धा विचारतोय, काय सांगितलं मी! 'हात लावू नये' म्हणे. मी एकेक करून सगळ्या ओळी काढल्या.

आणि तपासलं की! असं नका समजू की न तपासता दिलं. मशीन चालू करायचं, स्टॉप दाबायचं, किती खोकी निघाली ते बघायला गणतीची कळ दाबायची. दरवेळी थांबलेलं. आता मला कळतंय की गणती विचारायला मधला आत जायचा, जाताना चिठ्ठी देऊन जायचा. मीच तो प्रश्न विचारत होते, दरवेळी, आणि मला पत्ता नाही. मशीन पळायला लागलं. सेठनं गाळ्यात पेढे वाटले.

निकाहाला मी गेले होते, गावी. बायकांच्या बाजूला बसले. वकील, म्हणजे निकाहात मुलीच्या वतीनं बोलणारा, आणि साक्षीदार आत आले, मुलीला विचारलं, कबूल आहे का? एकदा, दोनदा, तीनदा. जेवताना चाचा मला शोधत आले, शेरवानीत, चष्म्याला तोच दोरा. "बघितलंत ताई? नुसती मान हलवली म्हणून सोडत नाय. तोंडानं बोलून घेतात."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. दोन दिवसांपूर्वीच ओळी काढल्या होत्या. पण मला त्यांना परत आल्यावर चकित करायचं होतं. मी म्हटलं, "बिर्याणी फार छान झालीय."

ते आले त्याच दिवशी मशीन गिऱ्हाइकाकडे परत जायचं होतं. सेठ बाहेर गेलेला, म्हणून की-बोर्डवर मी, पहिल्यांदा. मशीन दाणदाण चालू. "पळतंय की," चाचा म्हणाले, मी गालातल्या गालात हसतेय. घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "पाडू नका आता. मी 'आता' बोललो की थांबवा. काय सांगितलं मी?"

मी म्हणायला गेले. "तुम्ही 'आता' म्हणाल, आणि मी..." आणि पुढचा शब्द निघेना. 'थांबवीन'. एवढंच बोलायचं होतं. ते बाही वर सारतायत. आणि माझ्या मनात आलं, बाई, तू हे म्हणतेयस ते तुला माहीत आहे का? की तू मान हलवतेयस? त्या ओळी का होत्या ते तुला कळलं होतं का कधी?

"चाचा, हात घालू नका. मी तुमच्या ओळी काढल्यात."

"कुठल्या?"

"विचारायच्या. सगळ्या."

बाही तशीच वर. खाली वाकून पायातली एक चप्पल काढली, साचा वर गेला तशी आत सरकवली आणि म्हणाले, "आता."

मी स्टॉप दाबलं. साचा खाली आला. दाण! वर गेला. आणि परत खाली आला. दाण! माझं बोट त्या कळेवर चिकटलेलं, उचलताच येईना. चाचा ओरडले, "थांबवा!" "दाबलंय, चाचा, दाबलंय!" घाबरून बोट उचलून पुन्हा दाबलं तेव्हा थांबलं. दुसऱ्या चिठ्ठीनं पहिली आत ढकलली.

कातड्याच्या चपलेतून पाव किलो मिठाईच्या खोक्याचं झाकण निघालं होतं. चार घड्यांसकट. स्वच्छ.

चाचांनी डावा हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक हलवून बघितली. मी खाली फरशीवर बसले. घड्याळ मात्र ह्या खेपेला पडू दिलं नव्हतं, मुठीत इतकं घट्ट होतं की काचेचा वळ उठला.

आता हा माणूस मला हाकलणार, आणि हाकलावंच, असं मला वाटत होतं. त्यांनी डायरी काढली. माझं पान काढून मला वाचून दाखवलं, पहिल्या दिवसाचं. 'समजलं नाही तरी मान हलवते. विचारत नाही.' म्हणाले, "हे मी माझ्या हातानं लिवलं. आणि त्या दिवशी बफरचं सांगून फोनवर गेलो. खोट माहीत होती, उपाय केला नाय. चूक कोणाची?"

मी नुसती मान हलवली.

"बोला. चूक कोणाची?"

"लिहिणाऱ्याची," मी म्हटलं, आणि मला जे रडू फुटलं.

सेठ आल्यावर त्यालाही तेच सांगितलं, "माझ्याकडून राहिलं." माझं नावसुद्धा घेतलं नाही. सेठ त्या चपलेच्या झाकणाकडे आणि चाचांच्या पायाकडे आळीपाळीनं बघत राहिला. मशीन त्या दिवशी गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मला बसवलं, प्रत्येक ओळ मी परत घालायची आणि तिच्यावर ती का आहे ते माझ्या शब्दांत लिहायचं. चिठ्ठीचं आणि खिशाचं हे जे तुम्हाला सांगितलं ना, ते मी तेव्हा लिहिलं. कुठल्या कुठल्या खोक्यांच्या कारखान्यात, कॉम्प्युटरच्या पोटात, माझं ते मराठी अजून बसलेलं असेल.

चप्पल कापली गेली त्या संध्याकाळी आम्ही कोपरखैरणे स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेलो. चाचांच्या एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात माझी गाळ्यातली गुलाबी स्लिपर. लोक बघत होते. मी म्हटलं, "चाचा, तुमची खोट काय? सगळ्यांची लिहिता."

स्लिपर सावरत चार पावलं चालले. मग म्हणाले, "माझ्या बापाच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. मी सोळा वर्षांचा होतो, दोरावर मी होतो. बाप पुढून काहीतरी बोलला. वाऱ्यात ऐकूच आलं नाय. परत विचारायची लाज वाटली, म्हणून मान हलवली. दोर धरायचा होता. मी धरला नाय."

पुढं म्हणाले, "तुमची खोट पहिल्या दिवशी ऐकली तेवाच ओळखीची वाटली, ताई."

तेव्हापासून ते निवृत्त होईपर्यंत रोज सुटताना मला एक प्रश्न. "आज न विचारता काय केलं?" कधी काही नसायचं, कधी असायचं. असलं की सांगायचं. तो माझ्यावरचा उपाय होता, आणि त्यांनी एक दिवस चुकवला नाही. चपलेचं ते झाकण माझ्या टेबलावर खिळ्याला टांगलं होतं. मी गाळा सोडला तेव्हा ते घरी आणलं. आता भांड्यांच्या फळीवर आहे, कागदाखाली.

तर मंगळवारचं असं झालं. ती पोर म्हणाली, काय सांगितलं मी. दुसऱ्या कुणी असतं तर मी "हो गं बाई, कळलं" म्हटलं असतं, दोन शब्द समजुतीचे बोलले असते. पण त्या घरातल्या माणसाला, न पोचलेलं पोचलं म्हणून मी सांगू? चाचांच्या पोरीपुढे मान हलवू? माझ्या आत काही गेलंच नव्हतं. खिशातच होतं सगळं. म्हणून ठेवला फोन.

हे लिहिता लिहिता मध्येच उठले आणि लावला. एका रिंगमध्ये उचलला तिनं.

"मावशी?"

"तुझे अब्बा गेले," मी म्हटलं. "मंगळवारी. पहाटे. झोपेतच."

मग ती म्हणाली,

"पोचलं, मावशी."